तारेवरची चिंधी

प्रिय भिंगरी,

सुखरूप पोचले. तू बॅगेत कोंबलेले तिन्ही स्वेटर एकावर एक चढवून बसले आहे, आरशात थेट तुझ्या आत्यासारखी दिसते. खोली छान आहे. खिडकीशी टेबल, कोपऱ्यात लाकडाची शेगडी, आणि बाहेर नजर पोचेल तिथवर द्राक्षमळा. तू मला मळा बघायला पाठवलंस खरं, पण इथे औषधालाही पान नाही. काळे खुंट तारांना बांधून उभे केलेत. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, इथल्या कडाक्याच्या हिवाळ्यात वेली झोपतात, म्हणून तर तुम्हाला एवढी शांतता मिळते.

तू दिलेलं पुस्तक दोन दिवसांत संपवलं. लग्न होऊन आले तेव्हा मला धड अक्षरओळख नव्हती. तुझ्या बाबांच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची नजर तपासायचा पुठ्ठा होता ना, त्याच्यावर मी रिकाम्या दुपारी वाचायला शिकले. मोठ्या अक्षरांपासून सुरुवात केली आणि खालच्या मुंगीएवढ्या ओळीपाशी अडले. ती ओळ तू मला वाचून दाखवलीस, सहा वर्षांची असताना, त्यांच्या मांडीवर बसून. दुकान तूच चालवणार हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. पुढे तू समोरच्या मोठ्या दुकानात नोकरी धरलीस आणि ते दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाहीत. बघायचे मात्र. संध्याकाळी तू तिकडचं शटर ओढायला बाहेर आलीस, की हातातला चष्मा पुसत उभे राहायचे. तो केव्हाच लख्ख झालेला असायचा.

इथे रोज सकाळी छाटणी चालते. छाटणाऱ्यांचा म्होरक्या सत्तरीचा आहे, कमरेत वाकलेला, सगळे त्याला मास्तर म्हणतात. परवा मी नुसती बघत उभी होते तर म्हणाला, बघून कुणाची थंडी जात नाही, आणि कात्री हातात ठेवली. फळ देऊन झालेली लांब काडी काढायची, खुंटाजवळची दोन डोळ्यांची, म्हणजे जिथून कोंब फुटतात तशा दोन गाठींची, आखूड काडी पुढच्या वर्षासाठी राखायची. एवढं सांगून तो पुढे गेला. मी चार वेली नीट केल्या. पाचवीला ती आखूड काडी मला वाळलेली वाटली. कापली, तर आत हिरवीगार. कुणी बघितलं नव्हतं. मी तुकडा चपलेखाली मातीत दाबला आणि थंडी वाजते सांगून खोलीत आले.

दुसऱ्या दिवशी तारांवर कुठे कुठे चिंध्या बांधलेल्या दिसल्या. मास्तरला विचारलं. इथली रीत अशी, की हातून नको ते कापलं गेलं, तर ज्याने कापलं त्याने तिथे चिंधी बांधायची. काम संपलं की मास्तर एकेका चिंधीपाशी जाऊन बघतो. रागवत नाही कुणाला. मला म्हणाला, "कापलेलं मला जोडता येत नाही, बाई. पण कुठे कापलं ते कळलं, तर उरलेल्यातून काही धरता येतं." माझ्या पर्समध्ये बाबांचं चष्मा पुसायचं पिवळं फडकं असतं, तुला ठाऊक आहे. त्याचे दोन तुकडे केले आणि एक त्या पाचव्या वेलीपाशी बांधून आले.

दुसरा तुकडा या पाकिटात आहे, भिंगरी. बाबांचं सामान आवरताना तू मला विचारलंस, शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाले का, आणि मी नाही म्हणाले. त्याआधी, त्या मंगळवारी, तू फोनवर येऊ का विचारलंस तेव्हा मी सांगितलं, ते नको म्हणतात. ते तसं कधीच म्हणाले नव्हते. शेवटचे आठ दिवस ते मला ओळखत नव्हते. नर्सबाई समजून माझे आभार मानायचे, आणि दार वाजलं की विचारायचे, भिंगरी आली का. चाळीस वर्षं मी त्यांच्या उशाशी होते आणि तोंडात नाव तुझं. मला ते सोसलं नाही. वाटलं, चार दिवस माझ्यापुरते राहू देत, रविवारी तुला बोलावीन. ते गुरुवारीच गेले. तेव्हापासून तू त्यांच्या फोटोपुढे मान खाली घालून उभी राहतेस आणि मी बघत राहते. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. एवढंच लिहिते, की ते तुझ्यावर रागावून गेले नाहीत. बुधवारीसुद्धा त्यांनी दाराकडे बघून विचारलं होतं. मी शनिवारच्या गाडीने परत येते. तू स्टेशनवर आली नाहीस तरी मी समजेन.

तुझीच,
आई