लाल दोऱ्याच्या कुंड्या

२ मार्च

बियाणेवाल्याने आज ह्यांना पुन्हा गाठलं. किंवा ह्यांनी त्याला गाठलं — एकूण एकच. पिशवी भरून सामान घरात आलं आहे. झुकिनी, जांभळी गाजरं, आणि एक वेल, जिला म्हणे द्राक्षाएवढ्या काकड्या लागतात. द्राक्षाएवढी काकडी हवी कुणाला? शिवाय समुद्री शेवाळाचं काळं औषध. बाटली उघडली तर वरच्या मजल्यावरच्या बाईने खिडकी लावून घेतली. आणि खताचे मणी — तपकिरी, चकचकीत.

"एकदा घातले की अख्खा हंगाम बघायला नको," असं तो म्हणाला म्हणे. ज्या वस्तूकडे बघायला नको, तिच्याकडे मी आधी बघते. कपड्यांच्या कारखान्यात उभी हयात तपासणीच्या टेबलाशी गेली माझी. शर्ट हातात आला की पहिल्यांदा उलटा करायचा, शिवण आतून बघायची. वरून सगळेच चांगले दिसतात.

पण हिवाळ्यात जिन्यात कोसळल्यापासून हे पहिल्यांदाच दुकानापर्यंत पायी गेले आणि आले. म्हणून बोलले नाही. मनात बोलले.

४ मार्च

पेरणी झाली. माझी अट अशी: प्रत्येक रोपाच्या दोन कुंड्या. एकीत ह्यांचे मणी आणि शेवाळ. दुसरीला नुसतं पाणी, आणि तिच्या गळ्यात लाल दोरा. लाल दोऱ्याच्या कुंडीला कुणी काही घालायचं नाही, माती उकरायची नाही. मीसुद्धा नाही. हंगाम संपला की कळेल बियाणेवाला खरा की खोटा.

"तू माझीसुद्धा अशीच जोडी ठेवली असतीस," हे म्हणाले. "एक नवरा औषधाचा, एक बिनऔषधाचा."

वात्रटपणा परत आला आहे. बरं लक्षण.

९ मार्च

रोजचं सांगते. सकाळी चहाआधी गोळी. मी पाकिटातून काढते, हातावर ठेवते, पेला देते, घोट घेईपर्यंत समोरून हलत नाही. डॉक्टर म्हणाले होते, एक दिवसही चुकवायची नाही, हृदयाशी खेळ नको. जिन्यात ते पडले होते तेव्हाचा चेहरा मी विसरलेले नाही. ओठ निळे झाले होते. मला अजून जिना उतरताना त्या पायरीवर पाय ठेववत नाही.

मागच्या महिन्यात कुरकुर चालली होती. डोक्यात कापूस भरल्यासारखा वाटतो, वाचलेलं कळत नाही, दिवसभर नुसता बसून असतो. मी म्हटलं, नाटकं करू नका. आणि बघा — बाग सुरू झाली आणि गाडी रुळावर! आता पेला ठेवला की लगेच झारी उचलून बाल्कनीत. मला वाटतं कापूस बिपूस काही नव्हता, कंटाळा होता.

१५ मार्च

गाजरं उगवली. वेलीने नुसतं डोकं वर काढलं आहे, पुढे हलायला तयार नाही. शेवाळाचा वास पडद्यांना लागला.

२३ मार्च

लाल दोऱ्याची झुकिनी मण्यांच्या झुकिनीइतकीच फोफावली आहे. थोडी जास्तच. मला आनंद झाला आणि लगेच संशय आला. नुसत्या पाण्यावर इतकी? कुठेतरी पाणी मुरतंय.

ह्यांना दाखवलं. "असेल बाई तिची प्रकृती चांगली," म्हणाले आणि पेपर वाचत बसले. सगळी पानं वाचली, शब्दकोडंही सोडवलं. मी चहा ठेवायला गेले.

२६ मार्च

पकडलं. लाल दोऱ्याच्या झुकिनीत, कडेला, पांढरा तुकडा. नखाएवढा, ओला, बोटाला खडूसारखा लागणारा. मणी तपकिरी असतात, मग हे काय?

पहिली शंका वरच्या मजल्यावरच्या बाईवर. ती कठड्यावरून चादरी झटकते, तिच्या घरातलं निम्मं आमच्या घरी येतं. जाऊन विचारलं. "आता तुमच्या मातीत काय निघालं तेही मीच का?" म्हणाली. बोलणं उद्धट, पण चेहरा खरा होता.

२८ मार्च

आणखी दोन तुकडे. एक गाजराच्या कुंडीत. तिच्याही गळ्यात लाल दोरा!

आणि आज सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. झारी बाजूला आणि हे झुकिनीवर वाकलेले, बोट मातीत.

"काय चाललंय?"

"ओल बघतोय."

"दोऱ्याच्या कुंडीला हात लावायचा नाही ठरलं होतं."

"चुकलो." आणि हसले. लहान मुलासारखे.

म्हणजे आता सगळं उलगडलं. बियाणेवाल्याने ह्यांना दुसरं काहीतरी दिलं आहे, पांढरं, आणि हे चोरून माझ्या कुंड्यांत घालतात. म्हणजे हंगामाच्या शेवटी दोन्ही कुंड्या सारख्या, माझी तपासणी पाण्यात आणि बियाणेवाला मोकळा. माझाच नवरा त्याला सामील!

रात्री जेवताना सरळ विचारलं. म्हणाले, "तुझ्या गळ्याची शपथ, त्या कुंड्यांत खताचा एक मणी घातला नाही."

हा माणूस खोटी शपथ घेत नाही. सगळं आयुष्य बरोबर काढलं आहे, मला माहीत आहे. मग?

३० मार्च

तुकडे काड्यापेटीत घालून दुकानात घेऊन गेले. बियाणेवाल्याने चिमटीत चुरले, वास घेतला.

"बाई, हे माझं नाही. खत नाहीच हे."

"मग काय आहे?"

"ते मी कसं सांगू? माझ्या दुकानातलं नाही एवढं सांगतो."

ताकास तूर लागू देईना. इतक्या पटकन नाही म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. निघताना मला गुलाबाच्या मुळांना लावायची पूड दाखवायला लागला. आमच्याकडे गुलाब नाहीत.

५ एप्रिल

वेलीला पहिली काकडी. खरंच द्राक्षाएवढी. हे दुर्बीण आणा म्हणाले आणि एकटेच हसत बसले. किती दिवसांनी हे घर असं हसलं. मला इतकं बरं वाटलं की काड्यापेटीचा विषयच काढला नाही.

८ एप्रिल

झुकिनीच्या मुळांना कुंडी पुरेना. हे न्हाणीघरात होते. दोरा सोडला, कुंडी आडवी केली, मातीचा गोळा अलगद बाहेर काढला.

कडेने सगळीकडे पांढरं. बरेचसे विरघळलेले, काही अर्धे. वर एक ताजा, अख्खा. गोल, मधोमध रेघ. अंगठा त्या रेघेवरून फिरला आणि अंगठ्याला माझ्याआधी कळलं. हीच तर मी रोज सकाळी पाकिटातून काढते. आजही काढली होती.

फरशीवरच बसले. हे बाहेर आले, मला पाहिलं, माती पाहिली. मी हात पुढे केला, तळव्यावर गोळी.

"कधीपासून?"

"गाजरं पेरली तेव्हापासून. गालात धरायची आणि इथे यायचं." मग म्हणाले, "दोऱ्याच्या कुंड्या तू उकरणार नाहीस म्हणाली होतीस."

मी ओरडले. मेला असतात म्हणजे? मी इथे एकटी, त्या जिन्यासकट! वरचीच्या खिडकीची कडी वाजली, वाजू दे म्हटलं.

ते स्टुलावर टेकले. हळूच म्हणाले, "त्या गोळीने मी नुसता ठेवलेला होतो गं. ओळ वाचायची, खालची वाचेपर्यंत वरची गेलेली. दोन दिवस नाही घेतली तर डोकं मोकळं झालं. मग परत घेववेना."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मी नाटकं म्हटलं होतं. बियाणेवाल्याच्या प्रत्येक मण्याची मी परीक्षा घेतली. ह्यांनी तोंडाने सांगितलं ते मात्र उलटूनही पाहिलं नाही. राग आला होता. पण राग थोडा, भीतीच जास्त, आणि भीतीच्या तळाशी लाज. तशीच बसून रडले. ह्यांनी झुकिनी उचलून मोठ्या कुंडीत नीट बसवली, कारण मुळं सुकत होती.

९ एप्रिल

डॉक्टरांकडे. ह्यांनी सगळं स्वतः सांगितलं. डॉक्टर आधी ह्यांना बोलले — इतके दिवस काही झालं नाही हे नशीब समजा. मग माझ्याकडे वळले. "बाई, रुग्णाला काय होतंय ते ऐकायचंही असतं." हृदय तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, गोळी बदलली. ही लहान आहे, डोकं जड करणार नाही म्हणाले. केलंच तर लगेच यायचं.

"पुढच्या वेळी मला सांगा," डॉक्टर म्हणाले. "कुंडीला नको."

हे हसले. मला हसू आलं नाही. परत येताना त्या पायरीवर ह्यांनी माझा दंड धरला.

१० एप्रिल

पाकीट ह्यांच्याच हातात दिलं. त्यांनी गोळी काढली, तोंडात टाकली, पाणी प्यायले.

"तोंड उघडून दाखवू?"

मी म्हटलं नको. मीच झारी उचलून बाल्कनीत गेले. कुंड्यांचे लाल दोरे एकेक करून सोडले. मातीत हात घातला नाही.