मी आल्याशिवाय घंटा नाही

रविवार, १४ जून १७८९, दुपारी दोन
थकलो. काल पत्ते जरा लांबले, त्यामुळे चर्चला पोचेपर्यंत बारा वाजले. मी माझ्या बाकावर बसल्याशिवाय पाद्रीबाबा घंटा वाजवत नाहीत. आजोबांपासूनची रीत. सगळं गाव दहापासून ताटकळत होतं. किती ही माया! फक्त मातुरँ, माझं एक कूळ, तोंड वाकडं करून उभा. गवत कापून पडलंय, आभाळ भरून आलंय आणि प्रार्थना झाल्याशिवाय शेतात जाता येत नाही, असं माझ्या नोकराला, ब्लेझला, म्हणत होता म्हणे. आभाळाला मी काय करू? तरी पुढच्या रविवारी नऊला उठणार. ठरलं म्हणजे ठरलं.

२१ जून, रविवार
ब्लेझने नऊला हाक मारली. बूट फेकून मारला. दहाला दुसरा. मग घालायला बूटच उरले नाहीत. दोष त्याचा. साडेबाराला पोचलो, तर लोक दारात उभे राहून पाऊस बघत होते. गवत गेलं. मातुरँची बायको रडत होती. फार वाईट वाटलं. घरी बदकही नीट गेलं नाही, अर्धं टाकलं.

५ जुलै, रविवार
पावणेबारा! प्रगती आहे. पाद्रीबाबांनी भीत भीत विचारलं, बॅरनसाहेब, एखाद्या रविवारी तुमच्याशिवाय सुरू केलं तर? म्हटलं, छे हो, लोकांना नाही आवडणार.

सोमवार, २० जुलै
काल गेलोच नाही. डोकं जड. ब्लेझ सांगत होता, पॅरिसात लोकांनी मोठा तुरुंग फोडला. पॅरिसची माणसं पहिल्यापासून उतावळी. काल आपलं गाव किती वाजेपर्यंत थांबलं, असं विचारलं, तर तो नुसता पडदे सारखे करत राहिला. माझ्या काळजीने गप्प असावा बिचारा. येत्या रविवारी सातला उठून सगळ्यांना चकित करणार.

रविवार, २६ जुलै, सकाळी अकरा
सातला उठलो. स्वतःहून. ब्लेझ कालच गाठोडं बांधून गेला, त्यामुळे बूटही स्वतःच चढवले. नऊच्या आत चर्चला. तर प्रार्थना संपलेली! आता आठलाच सुरू करतात म्हणे. बाक जागेवर नव्हता. मातुरँ म्हणाला, वाटेत यायचा, काढला. नुसतं एवढंच, साहेब नाही, काही नाही. मी दारात उभा राहिलो, कुणाची तरी मान लवेल म्हणून. पेरीन म्हातारीने कोपराने ढोसलं, हो रे बाजूला, माणसांना शेतावर जायचंय. झालो बाजूला. सगळे भराभरा निघून गेले.

फार लागलं मनाला. पुढच्या रविवारचं काही ठरवावं म्हणून बसलोय. पण सातला उठलो काय नि बाराला उठलो काय, कुणाचंच अडत नाही.