गच्चीवरचे स्पीकर आणि मोडलेली पिन

२१ एप्रिल, सोम.
फर्स्ट शिफ्ट करून आलो. रविवारी पुतणीची, पूजाची हळद. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ दिल्या म्हणतो, उस्मानपुऱ्यातून डीजे सांगू. सख्खा भाऊ इथं असताना? कॉम्प्युटर खाली माझ्या खोलीत, अॅम्प्लिफायर गच्चीवर, दोन स्पीकर अंगणाकडं तोंड करून. वायर शील्डवाली, वरून तारेची जाळी असलेली, बावीस मीटर, एकही जोड नाही. कुठंच न शिकता.
दिल्या जिन्यातून, "दादा, तुझा डबा ऐन हळदीत बोंबलला तर?"
हातातला हातोडा फेकला. कानाजवळून गेला. भिंतीचा गिलावा पडला. "भाऊ हाय का कसाई?" म्हणाला. चार बोटं इकडं असता तर...

२३ बुध.
आवाज आला, पण मागं सतत घूं. दोन तास शोधलं. कॉम्प्युटरच्या अर्थिंगमधून येते. प्लगची जाड, अर्थिंगची पिन पक्कडीनं पिरगाळली, मोडली. घूं बंद! डिग्रीवाल्यांना सुचलं असतं का? पिन शर्टाच्या खिशात.
दिल्या मांडवाची दोरी बांधायला वर निघाला होता. गाणं ऐकून जिन्यातच थांबला. तोंड बघण्यासारखं.

२४ गुरु.
बायको, सुनंदा, धुणी वाळत घालायला वर गेली. ओल्या हातानं लोखंडी कठडा धरला आणि फेकली गेली. टाकीच्या कडेवर तोंड. दात ओठातून आरपार. बादलीतलं पाणी लाल. "कठड्यानं मारलं हो", एवढंच.
वर धावलो. अॅम्प्लिफायरचं लोखंडी स्टँड मी कठड्यापासून फूटभर लांब ठेवलेलं. आता चिकटलेलं. कठड्याला टेस्टर लावला, पेटला.
"कोणी सरकवलं?"
"मीच. दोरीला आडवं येत व्हतं," दिल्या म्हणाला.
जळतो माझ्यावर, लहानपणापासून. अठरा नंबरचा पाना हातात आला. पहिला घाव खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकला. वाकला तसा दुसरा पाठीत. तिसरा उचलला तेव्हा पूजा मधे. "मोठे बाबा, मला मारा."
नाही मारलं. उचललेला होता पण.
सुनंदाला पाच टाके.

२५ शुक्र.
दिल्याचं खांद्याचं हाड दोन जागी मोडलंय. डॉक्टरला म्हणाला, जिन्यावरून पडलो.
सगळी वायर तपासली. त्यानं वायरीला कुठंच हात लावलेला नाही. माझी टेप, माझी गाठ, जशीच्या तशी. तरी टेस्टर पेटतोच. खाली येऊन कॉम्प्युटरच्या डब्याला लावला. पेटला.
अर्थिंग नसलं की डब्यावर करंट उतरतो. तिथून शील्डमधून वर, अॅम्प्लिफायर, स्टँड, कठडा. पिन मी मोडली. बावीस मीटरात एकही जोड नाही, म्हणून कुठंच अडला नाही.
बाथरूमच्या दारावर बुक्क्या घातल्या. मुठीची सालं निघाली. मग नवा प्लग बसवला. टेस्टर गप. घूं परत.

२६ शनि.
सुनंदाला सांगितलं. ओठ सुजलेला, शब्द फुटत नव्हते. "भावजींना सांगा."
"हळद होऊ दे."
"होऊ दे कसं? ते गल्लीभर सांगत फिरतेत, माझ्यामुळंच वहिनीला लागलं म्हणून."
ताट भिंतीवर मारलं. ती हलली नाही. "मारा, भिंत काय बोलती का," म्हणाली.

२७ रवि.
हळद सुरू. दिल्या हात झोळीत अडकवून मांडवात, खुर्चीवर. "दादा, लाव गाणं." लावलं. घूं अख्ख्या अंगणाला ऐकू येते.
चितेगावचा एक पाहुणा म्हणाला, "आवाजात कायतरी गुरगुरतंय राव." मी त्याची कॉलर धरणार, तेवढ्यात दिल्या खेकसला, "माझ्यामुळं हाय ते! मी हलवलं स्टँड. दादाचं काम चोख असतं." मग चांगल्या हातानं माझ्या गालाला हळद लावली. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.
खोलीत येऊन बसलोय. पिन टेबलावर. गाल ओला आहे अजून, पुसला नाही.
बाहेरून तो ओरडतोय, "दादा, आवाज वाढव की!"