पोपटाचे शनिवार

३० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा दुखतो असं लिहितेस आणि पुढच्याच ओळीत दिवसभर भट्टीपुढे उभी असते असंही लिहितेस, तेव्हा डॉक्टर तरी काय वेगळं सांगणार? इकडे सगळं ठीक. मी परीक्षेच्या पेपरांत बुडालोय. एका पोराने नदी समुद्रातून काढून डोंगरावर चढवली आहे. त्याला अर्धा गुण दिला. निदान दोन्ही टोकं त्याला ठाऊक आहेत.

आता मुद्द्याचं. डिसेंबर आला. दरवर्षीसारखी आमची टोळी दर शनिवारी संध्याकाळी जमणार. पहिला शनिवार आपल्याकडे, दुसरा हिशेबनिसाकडे, पुढचे दोन पोपटाच्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत. तू लग्न होऊन गेलीस त्यानंतर यातला एकही शनिवार तुला लाभला नाही. परवा माझ्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करता करता पोपट म्हणाला की यंदा तुझ्या ताईला बोलाव, आणि पहिल्याच शनिवारी बोलाव. शाळेत त्याच्या बाकावर बसून त्याच्या नकलांपायी जिने छड्या खाल्ल्या, तिने म्हातारपणी तरी फुकटात हसून जावं, असं त्याचं म्हणणं. बोलत होता पण घसा पार बसलेला. पोपटीण वहिनी म्हणाली, इतकी वर्षं लोकांचे आवाज वापरले, आता भाडं द्यावं लागतंय.

तुझी भावजय तुझी खोली झटकून ठेवते आहे. लोभ आहेच, आता पाऊलही इकडे वळू दे.

तुझा,
धाकटा


४ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, डिसेंबरात मला बोलावणं म्हणजे परीक्षेच्या दिवशी तुला सहलीला नेण्यासारखं आहे. गावात जो उठतो तो मेजवानी ठरवतो आणि केक मात्र माझ्या दुकानात मागतो. हाताखालच्या दोघी मुली चांगल्या आहेत, पण एकीला अंडी फोडताना हसू येतं आणि दुसरीला ती हसली की येतं. भट्टी त्यांच्यावर सोडून निघाले तर परत आल्यावर मला कोळसा विकायला बसावं लागेल.

विसाव्या तारखेच्या शनिवारी मात्र नक्की येते. पोपटाला सांग, तोवर गरम पाण्याच्या गुळण्या कर. आणि एक विचारायचं होतं. तो आईची नक्कल अजून करतो का रे? आई जाऊन दुसरं वर्ष लागलं. चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही, पण आवाज आठवायला गेलं की हातातून निसटतो. आपण थंडीत दार उघडं टाकून आत शिरलो की ती वरच्या मजल्यावरून ओरडायची, मी काय रस्ता तापवायला शेगडी पेटवली आहे का म्हणून. शब्द आहेत, सूर नाही. पोपटाकडे तो असेल.

भावजयीला सांग, खोली झटकलीस तशी नवऱ्यालाही झटक. माया आहे, ती गृहीत धर.

तुझी,
ताई


८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवार पार पडला. तुझी भावजय इतकी हसली की सूप वाढायचं सोडून पातेल्याला धरून उभी राहिली. पोपटाने आमचे जुने मुख्याध्यापक काढले, हिशेबनिसाचे सासरे काढले, आणि शेवटी तुझा निरोप ऐकून आई काढली. घसा घोगरा होता तरी काय सांगू! वरच्या मजल्यावर कुणी नाही हे माहीत असून मी उठून दार लावलं. हिशेबनिसाने हसता हसता चमचा खाली ठेवला. त्याने आईच्या हातचं आपल्यापेक्षा जास्त खाल्लंय.

ताई, विसावी तारीख सोड. याच शनिवारी ये, तेराला. कारण विचारू नकोस. काल रविवारी पोपट मला फिरायला घेऊन गेला आणि बोलता बोलता त्याने माझ्याकडून एक शब्द घेतला. तो मोडता येत नाही. एवढंच म्हणतो की भट्टी एक दिवस थंड राहिली तर लोकांच्या मेजवान्या काही बुडत नाहीत.

हट्ट समज हवं तर. धाकट्याचे हट्ट पुरवायची तुझी सवय सुटली नसावी, अशी आशा करतो.

तुझा,
धाकटा


११ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी काळजी वाटली आणि मग राग आला. पोपटाने शब्द घेतला म्हणे! चाळीस वर्षं झाली, तुम्हा दोघांची कारस्थानं संपली नाहीत. मागे एकदा असंच घाईने बोलावलं होतंत, तर माझा वाढदिवस निघाला होता, तोही चुकीच्या महिन्यात.

तेराला कसं शक्य आहे? त्याच दिवशी कारखान्याच्या मेजवानीची मोठी ऑर्डर आहे, तीन मजली केक. आणि आता ऐक, रागावू नकोस, विसावी तारीखही जमत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं काम आलं, नाही म्हणवेना. सत्तावीसला येते. शेवटचा शनिवार, गर्दी उतरलेली असेल, निवांत बसू. एवढी घायकूत कशाला? पोपट काय उडून चाललाय?

त्याच्यासाठी फळांचा केक आणते. गोडावर नजर ठेवणाऱ्या वहिनीला आधीच पटवून ठेव.

तुझी,
ताई


१८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आता शब्द पाळण्यात काही उरलं नाही, म्हणून लिहितो. काल पोपटाचं ऑपरेशन झालं. घसा बसला नव्हता, गाठ होती. जीव वाचला आहे, डॉक्टर समाधानी आहेत. पण स्वरयंत्र काढावं लागलं. तो पुन्हा बोलणार नाही. गळ्याशी एक भोक केलंय, तिथून श्वास घेतो.

तारीख त्याला महिनाभर आधीपासून माहीत होती. घरात वहिनीला, आणि त्या रविवारपासून मला. बाकी कुणाला सांगायचं नाही, तुला तर मुळीच नाही, असं त्याने बजावलं. मी म्हटलं, कळलं तर ती पळत येईल. तर म्हणाला, म्हणूनच. कळलं की ती मला बघायला येईल. मला बघायला माणसं पुढे पुष्कळ येतील. तिने ऐकायला यावं.

तेराच्या शनिवारी हिशेबनिसाकडे त्याने कमाल केली. दार वाजलं की त्याची मान वळायची. एकदा शेजारीण आली, एकदा नुसताच वारा होता. जाताना मला म्हणाला, तुझी ताई आली नाही ना. रागाने नाही, नुसतंच.

आज हिशेबनीस डोकं धरून बसलाय. लेकीच्या अभ्यासासाठी घेतलेला टेपरेकॉर्डर त्याच्या कपाटात होता, आणि आम्ही त्याच खोलीत हसत होतो. त्याला माहीत नव्हतं, पण मला तर होतं. मला सुचायला नको होतं? पोरांना नकाशात दिशा शिकवतो मी.

तुला खरं लिहायला हवं होतं का, हे अजून ठरवता येत नाही. शिव्या घालायच्या असतील तर घाल.

तुझा,
धाकटा


२१ डिसेंबर

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही. उद्यावर टाकलं तर लिहिणंच होणार नाही, म्हणून आजच लिहिते.

तू एक ओळ लिहायची होतीस. भट्टी काय, मी दुकान पेटवून आले असते. तीन मजली केक त्या लोकांनी अर्धाही खाल्ला नाही म्हणे. वरचा मजला तसाच परत आला, तो दोन दिवस दुकानात पडून होता. मी त्याच्याकडे बघून समाधानाने म्हटलं होतं की टिकला छान.

पण तुला बोलून काय उपयोग? तू ये म्हणालास. दोनदा म्हणालास. मी उडून जाण्याची थट्टा केली. ती तू त्याला वाचून दाखवली नसशील, एवढं मला कळव. नाही, कळवूच नकोस.

सत्तावीसला येते आहे.

ताई


४ जानेवारी

प्रिय पोपटास,
स. न. वि. वि.

तुला पत्र लिहायची वेळ आयुष्यात कधी आली नव्हती. तुझ्या नळ्या निघाल्या आणि तू घरी आलास हे धाकट्याने कळवलं, जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी हॉस्पिटलात आपला शनिवार कसा झाला तो झाला. तुझ्या नाकात नळी आणि मी शहाणी फळांचा केक घेऊन उभी. नर्सबाईंनी तो संपवला, बरं झालं. आम्ही सगळे तुझ्याशी मोठमोठ्याने आणि तोडून तोडून बोलत होतो. तू पाटीवर लिहिलंस की मी मुका आहे, बहिरा नाही, आणि हिशेबनीस त्यालाही ओरडून बरं म्हणाला. तेवढंच काय ते हसलो. मग भेटीची वेळ संपायची घंटा झाली तेव्हा, खरं सांगते, आम्हा सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

पोपटा, मी तुझ्या पलंगाशी रडले. तू पाटीवर आई असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंस, आणि मी मान हलवली. तिचा आवाज आता कुठेच राहिला नाही म्हणून मी रडत होते. धाकट्यानेही तसाच धीर दिला, भावजयीनेही. मी तो घेतला. घरी येऊन चार दिवस आईसाठीच डोळे पुसले.

परवा पीठ मळताना मनाशी तुझं बोलणं आठवायला बसले. मुख्याध्यापक आठवले. आई थोडीशी आठवली. मी स्वतः आठवले, कारण माझी नक्कल तू फार वाईट करायचास. पण तुझा स्वतःचा आवाज, साध्या बोलण्यातला, तो काही केल्या येईना. मग हातातलं पीठ तसंच राहिलं. आवाज तुझा गेला होता. गळा तुझा कापला होता. आणि तुझ्या उशाशी बसून मी आईचं दुःख करून आले, आणि तू पाटी पुढे करून माझंच सांत्वन केलंस. शनिवारी वेळेवर आले असते, तरी तुझा आवाज मी ऐकला असता का, की तुझ्यातून आईच ऐकून परतले असते? हे मला छळतंय.

क्षमा माग असं मन म्हणतं, पण तू पाटीवर काहीतरी वात्रट लिहिशील. वहिनीला नमस्कार. राग असला तर तोही मोकळेपणाने कळव, तो लोभातच धरीन.

तुझी बाकावरची,
ताई


३० मार्च

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

(सगळं गावच तुला ताई म्हणतं, तर वर्गमित्राने वेगळं का म्हणावं?)

उत्तराला उशीर झाला. राग नव्हता. निदान फार नव्हता. तेराला मी दाराकडे बघत होतो हे धाकट्याने तुला लिहायला नको होतं, पण ते खरं आहे. आणि त्याच्याकडून शब्द घेणं ही माझीच चूक झाली. मला वाटलं, लोक दयेने आले तर हसणार नाहीत. पण हसले असते गं. तू तर नक्की हसली असतीस, रडत रडत. सगळ्यांना निरोप घेऊ द्यायला हवा होता. मी एकट्यानेच घेतला आणि त्यांना खेळ दाखवला. याचं मला आता वाईट वाटतं, आणि ते पाटीवर मावत नाही.

दुकान सुरू आहे. आमच्या धंद्यात तक्त्यावरची अक्षरं वाचायची गिऱ्हाइकाने, त्यामुळे माझं अडत नाही. उलट बायको म्हणते, पूर्वी गिऱ्हाईक हसवून पाठवायचास, आता चष्मा देऊन पाठवतोस.

हॉस्पिटलात एक बाई नव्याने बोलायला शिकवतात. हवा गिळायची आणि ढेकर देता देता शब्द बाहेर काढायचा. भल्या माणसाने चारचौघांत करू नये ते आता मी शिकवणी लावून करतो. दोन महिने नुसते ढेकर झाले. मागच्या आठवड्यात दुकान बंद करताना बायकोला हाक मारायला गेलो आणि खरंच एक शब्द निघाला. खरखरीत, जाडा, डब्यात खडे हलवल्यासारखा. ती आतून धावत आली. तिने विचारलं, हा कुणाचा आवाज?

सवयीने विचारलं बिचारीने. मी पाटी घेतली आणि लिहिलं, बहुतेक माझाच.

डिसेंबरची वाट बघू नकोस. भट्टीला सुट्टी दे आणि साध्याच एखाद्या शनिवारी ये. लोभ असेल तसाच असू दे, फक्त कान घेऊन ये.

तुझा,
पोपट