गरम वाळूची चुकीची नोंद

मी खाली सही करणारी, वय सव्वीस, ओतकाम कारखान्यात वाळूची तपासणी करते. घरातली पहिली पदवीधर. पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. परवा माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत. मला मात्र कागद पुरा करून ठेवलेला बरा वाटतो.

१. बँकेतली शिल्लक आईची. तिने ती भावाच्या लग्नासाठी न राखता आधी स्वतःचे गुडघे दाखवावेत. माझ्या पदवीच्या चौकटीमागे विजेची बिले खोचू नयेत. स्कूटर धाकट्या भावाची. पुढचा ब्रेक लागत नाही, हे त्याला माहीत आहे.

२. माझ्या चाळण्या, तराजू आणि तीन वह्या काकांना. रेझिन या चिकट रसायनाने घट्ट केलेले साचे फोडून, कणावर कण घासून, तीच वाळू पुन्हा कशी वापरायची ते वह्यांत आहे. नदी खरवडून नवी वाळू आणायची आणि जुनी खड्ड्यात ओतायची, हे मला पटत नाही.

३. व्यवस्थापकांना काही नाही. ते वाळू घासणाऱ्या आमच्या यंत्राला 'बाईंची चक्की' म्हणतात.

४. आठ महिन्यांपूर्वी पंपाचे एक कवच ओतताना बिघडले. अहवालात मी लिहिले, 'साचेकाराने वाळू नीट ठासली नाही.' साचेकार म्हणजे काकाच. हे खोटे आहे. यंत्रातून निघालेली वाळू मी निवू न देताच त्यांना दिली. ते म्हणाले होते, "पोरी, हात पोळतोय. जरा दम धर."

"काका, आकडे बरोबर आहेत."

"आकड्यांना कुठं हात असतो!"

गरम वाळूत रेझिन साचा भरून होण्याआधीच आळले आणि कडा ढासळल्या. तीस वर्षे साचे घडवलेल्या माणसाला ओतलेले भाग घासायच्या हलक्या कामावर पाठवले. आईला ते एवढेच म्हणाले, "घरात एकच शिकली, वहिनी. तिला खोटं कसं पाडू?"

दुरुस्तीचे पत्र मी आज सकाळी व्यवस्थापकांच्या हातात दिले. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहत नाही. माझी नोकरी गेली तर जावी. काकांना त्यांची जागा परत मिळावी.

दुपारी काकांनी हा कागद दोनदा वाचला. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये.

"मग वह्या ठेव तुझ्याकडेच," काका म्हणाले. "परत येऊन तूच लिही पुढचं. सही कुठं करू ते दाखव. पोरीचं डोकं ठिकाणावर आहे, हे सांगायला घरचंच माणूस हवं."

कलम दोन मी त्यांच्यासमोर खोडले आहे.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: बारा मार्च

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. वकीलबाई (सही)
२. काका (सही). हुद्दा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला: साचेकार.