आजोबांचा जबाब

ता. ३ मार्च

तीर्थरूप आप्पांस,
धाकटीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

खोली बरी आहे. खिडकी उघडत नाही आणि नळ बंद होत नाही, एवढं सोडलं तर तक्रार नाही. आता आधी रागावते, मग बाकीचं लिहिते.

त्या दिवशी इथल्या बालकल्याण कार्यालयानं तुम्हाला कॅमेऱ्यावर विचारलं, नातीला सांभाळाल का. तुम्ही हात जोडून सांगितलंत, की आम्ही आपली पिकली पानं, पोर तिथं सुखात आहे, तुमचे उपकार, तुम्ही ठरवाल ते योग्यच. दुभाष्यानं शब्दाला शब्द सांगितला आणि कागदावर चढलं, की आजी-आजोबा असमर्थ आहेत, मुलीनं इथंच राहावं अशी त्यांची इच्छा आहे. आप्पा, काय केलंत हे?

ताई-भावजी अपघातात गेल्यापासून त्यांची चिमणी ज्यांच्याकडे ठेवलीय, ती माणसं वाईट नाहीत. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

आपल्या वकिलातीतल्या बाईंनी कपाळाला हात लावला. त्या आपल्याकडच्याच, तुमचं बोलणं त्यांना बरोबर कळलं. पण वकिलात विनंती करू शकते, हुकूम सोडू शकत नाही, असं त्या म्हणतात. त्या चिमणीला भेटून येतात, अर्ज करतात, माझ्याबरोबर बाकावर ताटकळतात. तुम्ही आता नम्रपणा खुंटीला टांगा आणि नात हवी म्हणून स्पष्ट लिहून पाठवा. आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी


ता. २० मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवत होतो, पिकल्या पानांपाशी पत्र मिटून ठेवलं. अगं, ज्यांच्या घरी आपलं लेकरू जेवतं, त्यांच्यासमोर छाती काढून बोलायचं? मला वाटलं, मी म्हणेन तुम्ही ठरवाल ते योग्य, की समोरचे म्हणतील, छे छे, नात तुमचीच. आपल्यात असंच असतं ना?

सोबत अर्ज आहे. आईला समोर न्यायाधीश म्हणून बसवलं आणि लिहिलं, की दात माझे स्वतःचे आहेत, चष्मा फक्त सुईत दोरा ओवायला लागतो, दुकानात रोज शिलाई मशीन चालवतो. ती म्हणाली, घोरण्याचंही लिहा, म्हणजे बाकीचं खरं वाटेल. हसलो दोघं. मग ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मोठी गेली तेव्हा आपल्या हातात काही नव्हतं. ही हातात होती गं, मीच घालवली.

बाईंना आमचे आशीर्वाद सांग. काहीही कर, पण पोरीला घेऊन ये.

तुझे,
आप्पा


ता. ९ मे

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बाईंनी तुमचा अर्ज स्वतः नेऊन दिला. उत्तर आलं. पहिला जबाब तुम्ही आपणहून दिलात म्हणून तो खरा. दुसरा कुणीतरी शिकवल्यासारखा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. चिमणी तिथं रुळली आहे, तिला हलवणार नाहीत. बाई पुन्हा दाद मागणार आहेत, पण सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. महिनाअखेर माझा व्हिसा संपतो. मी एकटीच येतेय.

काल बाईंबरोबर निरोप घ्यायला गेले. चिमणीला आता मराठी येत नाही. मावशी म्हणते, पण ते माझं नावच असल्यासारखं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी निघताना कोट चढवायला घेतला आणि बांध फुटला. ती जवळ आली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. बाईंना अर्थ विचारला तर सांगेनात. फारच गळ घातली तेव्हा सांगितलं. सुरुवातीला चिमणी रडायची, तेव्हा बाई दर भेटीत जे सांगून तिची समजूत घालायच्या, तेच तिनं मला सांगितलं होतं. रडू नकोस, आजोबा येतील तुला न्यायला.

हे आईला वाचून दाखवू नका. माझ्यावर माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
धाकटी