आतून दबलेलं हेल्मेट

लोणार, मंगळवार संध्याकाळ

अपघातानंतर महिन्याभरानं पोलिसांनी आज यांचं हेल्मेट परत दिलं. बाहेरून फक्त एक ओरखडा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चांगलं हाये. मीच वापरतो."

लग्नाआधी मी हेल्मेटच्या कंपनीत आतलं थर्माकोल बसवायचे. आत अंगठा फिरवून पाहिला. डावी बाजू पार दबलेली.

"एकदा मार खाल्ला का याचं काम संपते, भाऊजी. आता यानं डोकं वाचत नाही."

यांचं मात्र वाचवलं होतं. मार छातीला लागला, म्हणून गेले. चेहऱ्यावर खरचटलंही नव्हतं. मला काहीच का वाटत नाहीये?

पुन्हा कोणी घालू नये म्हणून कात्रीनं पट्टा कापला. भाऊजी ओक्साबोक्शी रडले. मी कात्री जागेवर ठेवली आणि कणीक भिजवली.